माशी कुणाची?

'माशा मारणे' हा वाक्प्रचार ज्याने कुणी काढला, त्याला माझ्या छंदाची आधीच कुणकुण लागली असावी. गेली काही वर्षं मी फावल्या वेळात माशा बांधते. म्हणजे अक्षरशः बांधते. टेबलाच्या कडेला बसवलेल्या छोट्या शेगड्यात गळ धरायचा, त्यावर रेशमी दोऱ्याचे वेढे घ्यायचे, एखाद्या पक्ष्याचं पीस गुंडाळायचं आणि नदीतल्या किड्यासारखं दिसेल असं काहीतरी तयार करायचं. यॉर्कशरमधे राहायला आल्यावर लागलेला हा नाद आहे आणि घरच्यांना तो अजून पुरता पटलेला नाही. आमच्या मालवणच्या काकांचा आक्षेप तर अगदी मूलभूत आहे. गरीला कोळंबी लावायची सोडून पीस लावायचं, त्यावर मासा आला तर त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचं, मग खायचं काय? पीस?

काकांना उत्तर नाही. पण हा लेख मासे पकडण्याबद्दल नाहीच. बांधलेल्या प्रत्येक माशीला एक नाव असतं, आणि ती नावं वाचता वाचता मला एक प्रश्न पडत गेला. माशी कुणाची? जिने बांधली तिची, ज्याने पुस्तकात लिहिली त्याची, की ज्याने मासे पकडून मिरवली त्याची?

आधी थोडं माशीबद्दल. ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. त्याच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे पाण्यातले किडे. यातल्या 'मेफ्लाय' नावाच्या किड्याचं आयुष्य मोठं मजेशीर आहे. बरेच महिने तो अळीच्या रूपात नदीच्या तळाशी दगडांखाली काढतो. मग एक दिवस वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी कात टाकतो, पंख उलगडतो आणि उडून जातो. पंख फुटल्यावर त्याला काही खाता येत नाही, आणि एक-दोन दिवसांत अंडी घालून तो मरतो. तळापासून वर येण्याच्या त्या प्रवासात आणि कात टाकण्याच्या धडपडीत तो सगळ्यात असहाय असतो. ट्राउटला हे पक्कं ठाऊक असतं. मासेमाराची माशी हे त्या असहाय क्षणाचं सोंग असतं.

माशीचे दोन मोठे घराणे. एक पाण्यावर तरंगणारी 'ड्राय फ्लाय', म्हणजे सुकी माशी. दुसरी पाण्याखाली बुडणारी 'वेट फ्लाय', ओली माशी. सुकी माशी त्यामानाने अलीकडची. इंग्लंडमधे ती एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, आणि फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या १८८६ आणि १८८९ सालच्या पुस्तकांनंतर दक्षिणेकडच्या संथ, नितळ नद्यांवर तिला इतकी प्रतिष्ठा मिळाली की ओली माशी वापरणं म्हणजे जरा गावंढळपणा मानला जाऊ लागला. उत्तरेकडच्या खळाळत्या नद्यांवर मात्र ओली माशीच टिकून राहिली. मी बांधते ती हीच.

त्यातल्या एकीचं उदाहरण देते. 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'. गळावर नारिंगी रेशमाचे एकाला एक लागून वेढे घ्यायचे, तेही आखूडच, बाकाच्या अलीकडे थांबायचं. मग पार्ट्रिज, म्हणजे आपल्या तित्तिराचा भाऊबंद, त्याचं एक तपकिरी ठिपक्यांचं पीस घ्यायचं आणि गळाच्या डोळ्यामागे त्याचे जेमतेम दीड-दोन वेढे द्यायचे. गाठ मारायची. झालं. पंख नाहीत, शेपूट नाही, डोळे नाहीत. कोरडी असताना ती अगदीच बापुडवाणी दिसते. पण पाण्यात भिजली की नारिंगी रेशीम गडद होऊन तांबूस तपकिरी होतं, आणि पिसाचे मऊ तंतू प्रवाहाबरोबर उघडतात, मिटतात, जणू पाय हलताहेत. सुक्या माशीला तरंगायचं असतं म्हणून तिला कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस लागतं. ओल्या माशीला हलायचं असतं म्हणून तिला मऊ पीस हवं. सगळी युक्ती एवढीच.

पुस्तकात या माशीची कृती दोन ओळींत संपते. पण पीस किती लांब तंतूंचं निवडायचं, दोरा किती ताणायचा, दीड वेढा म्हणजे नेमका कुठे थांबणारा, हे कुठल्याच दोन ओळींत मावत नाही. आपल्याकडच्या पाककृतींत 'मीठ चवीपुरतं' असतं ना, तसं. ते कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावं लागतं. म्हणजे हे ज्ञान हाताचं. आणि इथेच माझ्या प्रश्नाची सुरुवात होते, कारण इतिहास लिहिला जातो तो लेखणीने.

माशीने मासे पकडण्याचं सगळ्यात गाजलेलं जुनं वर्णन सुमारे इसवी सन २०० मधलं आहे. ईलियन नावाच्या रोमन माणसाने ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी एक भलंमोठं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की मॅसिडोनियात, बेरोआ आणि थेस्सलोनिका या शहरांच्या मधे अस्त्रायस नावाची नदी आहे. तिच्यात अंगावर ठिपके असलेले मासे आहेत आणि ते पाण्यावर उडणारा एक विशिष्ट किडा खातात. स्थानिक लोक त्या किड्याला 'हिप्पूरोस' म्हणतात. पण खरा किडा आमिष म्हणून चालत नाही, कारण माणसाचा हात लागला की त्याचा रंग उडतो, पंख कोमेजतात. म्हणून तिथले मासेमार गळाभोवती किरमिजी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालच्या लोळीपाशी उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसं तिला लावतात. सहा फुटांची काठी, सहा फुटांचा दोर.

ज्याने हे लिहिलं तो ईलियन म्हणे आयुष्यात इटलीबाहेर कधी पडलाच नाही. म्हणजे त्याने ही नदीही पाहिली नव्हती आणि ते मासेमारही. त्याने ऐकलं आणि लिहिलं. पण ज्या कुणी पहिल्यांदा विचार केला असेल की किडा टिकत नाही ना, मग आपण किड्याचं सोंग करू, त्या माणसाचं नाव? नाही. नदीचं नाव आहे, किड्याचंसुद्धा नाव आहे. माणसाचं नाही.

तरी ईलियनला दोष द्यावासा वाटत नाही. त्याने लिहिलं नसतं तर अठराशे वर्षांनंतर मला हे कळलंच नसतं. ही अडचण पुढेही येत राहते. लेखणी नाव पुसते म्हणावं, तर जे काही उरलं आहे तेही लेखणीमुळेच.

आता इंग्लंड, साल १४९६. विंकिन द वर्ड हा लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरमधला मुद्रक. इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या मुद्रकांपैकी एक. त्याने शिकार, ससाणे पाळणं वगैरे उमरावी विषयांवरचं एक पुस्तक दुसऱ्यांदा छापलं आणि त्यात गळाने मासे पकडण्यावरचा एक छोटा ग्रंथ नव्याने घातला. त्यात बारा माशा दिल्या आहेत, मार्चपासून ऑगस्टपर्यंत महिनावार. लोकर कुठल्या रंगाची, पंख कुठल्या पक्ष्याचे, एवढंच, एकेका वाक्यात. इंग्रजीत छापलेली माशांची ही पहिली यादी.

हा ग्रंथ डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या बाईंनी लिहिला, त्या सोपवेलच्या मठाच्या प्रमुख होत्या, असं शेकडो वर्षं सांगितलं जातं. ऐकायला फारच छान वाटतं. पण मासेमारीच्या ग्रंथावर लेखकाचं नावच नाही. बाईंचं नाव येतं ते त्याच पुस्तकातल्या शिकारीच्या भागाखाली, आणि त्या मठप्रमुख होत्या याला काही पुरावा सापडलेला नाही. म्हणजे इथे उलटाच प्रकार. लिहिणाऱ्याचं नाव हरवलं तर लोकांनी नाव शोधून आणून चिकटवलं. नाव असल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही हेच खरं!

त्या ग्रंथाच्या शेवटी मात्र एक मुद्दा आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. हा ग्रंथ स्वतंत्र, छोट्या पुस्तिकेच्या रूपात छापला तर कुठलाही रिकामटेकडा माणूस तो विकत घेईल. तसं होऊ नये म्हणून मुद्दाम मोठ्या, उमरावांच्या पुस्तकात तो बांधला आहे, असा त्याचा आशय. गंमत बघा. त्या बारा माशा उमरावांनी दरबारात बसून नक्कीच शोधल्या नसणार. नदीकाठच्या लोकांच्या हातातून त्या कागदावर आल्या. आणि कागदावर आल्याबरोबर पहिली काळजी ही, की आता त्या भलत्यांच्या हाती पडू नयेत.

पुढची दीडशे वर्षं हीच बारा माशांची यादी थोड्याफार फरकाने फिरत राहिली. आयझॅक वॉल्टन यांच्या १६५३ सालच्या 'द कंप्लीट अँग्लर' या सुप्रसिद्ध पुस्तकातही तिचंच रूप दिसतं. वॉल्टन स्वतः माशी बांधण्यात फारसे मुरलेले नव्हते. त्या बाबतीत त्यांनी थॉमस बार्कर यांचा आधार घेतला. बार्कर यांनी दोनच वर्षं आधी, १६५१ मधे, मासेमारीवर एक छोटंसं पुस्तक काढलं होतं. आणि त्यांचा व्यवसाय? आचारी. वॉल्टन यांनी बार्कर यांचा उल्लेख केला आहे हे खरं, पण आज वॉल्टन यांचं नाव मासे न पकडणाऱ्यालाही माहीत असतं आणि बार्कर यांचं नाव मासे पकडणाऱ्यालाही माहीत नसतं.

याच पुस्तकाच्या १६७६ सालच्या आवृत्तीला चार्ल्स कॉटन यांनी दुसरा भाग जोडला. कॉटन हे डर्बीशरमधल्या डव्ह नदीकाठचे. ते स्वतः उत्तम माशा बांधत. त्यांच्या भागात बाराच्या जागी साठाहून जास्त माशा आहेत. पण मला कॉटन आवडतात ते दुसऱ्याच कारणासाठी. माशी बांधण्याची रीत सांगून झाल्यावर ते लिहितात की ही रीत मला माझ्या एका नातेवाइकाने शिकवली, कॅप्टन हेन्री जॅक्सन त्यांचं नाव, आमचे शेजारीच, आणि इतका चांगला माशी बांधणारा मी दुसरा पाहिला नाही. बस. एक वाक्य. त्या एका वाक्यामुळे हेन्री जॅक्सन साडेतीनशे वर्षं जिवंत आहेत. कॉटन यांचं त्यात काय गेलं? काहीच नाही. उलट त्यांच्यावरचा माझा विश्वास वाढला.

एकोणिसाव्या शतकात मात्र या नावांच्या खेळाला खरी रंगत येते. १८५७ मधे एडिंबरोचे डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांनी 'द प्रॅक्टिकल अँग्लर' हे पुस्तक लिहिलं. प्रवाहाच्या वरच्या दिशेने माशी टाकायची, म्हणजे मासा आपल्याकडे पाठ करून असतो, हा त्यांचा आग्रह. आणि त्यांच्या आवडत्या तीन 'स्पायडर' माशा. कोळ्याशी संबंध नाही, नुसते पाय पसरल्यासारखे दिसतात म्हणून स्पायडर. त्यातली काळी, 'ब्लॅक स्पायडर', म्हणजे तपकिरी रेशीम आणि स्टार्लिंगचं, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्याचं, एक छोटं चकचकीत पीस. मी बांधलेल्यांत सगळ्यात जास्त मासे हिनेच दिलेत.

आता ही माशी आज जगभर 'स्ट्युअर्टची ब्लॅक स्पायडर' म्हणून ओळखली जाते. पण स्ट्युअर्ट यांनी स्वतः पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे की ही आम्हाला पहिल्यांदा जेम्स बेली यांनी दाखवली. बेली हे मासे पकडून पोट भरणारे, आणि स्ट्युअर्ट यांच्या मते स्कॉटलंडमधले पहिल्या प्रतीचे मासेमार. स्ट्युअर्ट अप्रामाणिक नव्हते. त्यांनी श्रेय दिलं, नावानिशी दिलं, छापून दिलं. तरीही पुढच्या लोकांनी माशीला नाव दिलं ते स्ट्युअर्टचंच. कारण लोकांच्या हातात पुस्तक होतं, आणि पुस्तकावर नाव होतं स्ट्युअर्टचं.

हे वाचताना मला हटकून आठवण झाली ती 'रुचिरा'ची. कमलाबाई ओगले यांचं १९७० सालचं ते पुस्तक आमच्या घरी होतं, तुमच्याही असेल. आमच्याकडे अमुक एक चिवडा 'रुचिरातला' आणि अमुक वडी 'रुचिरातली' म्हणूनच ओळखली जायची. त्या वड्या काय १९७० साली जन्माला आल्या? किती आज्या-पणज्यांच्या हातांतून त्या आल्या असतील. कमलाबाईंनी त्यांना वाटी-चमच्याचं माप दिलं, आणि ते काम छोटं नव्हतं. नव्या संसाराला लागलेल्या, घरापासून लांब राहणाऱ्या कित्येक मुलींना त्या मापांनी तारलं आहे. मापं देणाऱ्याचं नाव राहतं. त्यात अन्याय आहे का? आहेही आणि नाहीही. आमच्या कुटुंबात 'मावशीची चकली' प्रसिद्ध आहे. मावशी स्वतः सांगते की तिला ती वाड्यातल्या शेजारणीने शिकवली. शेजारणीचं नाव आज मावशीलाही नीट आठवत नाही. म्हणजे पुस्तकच लागतं असं नाही. हे घरातल्या घरातसुद्धा होतं.

आता या सगळ्या कथेतली सगळ्यात प्रसिद्ध माशी: 'ग्रीनवेल्स ग्लोरी'. विल्यम ग्रीनवेल हे डरहॅमच्या कॅथीड्रलमधले धर्मगुरू. १८५४ च्या मे महिन्यात ते ट्वीड नदीवर स्प्राउस्टन या गावापाशी मासे पकडत होते. मासे एका किड्यावर तुटून पडत होते आणि यांच्या माशीकडे ढुंकून बघत नव्हते. ग्रीनवेल यांनी तो किडा पकडला आणि गावातल्या जेम्स राइट यांच्याकडे नेला. राइट हे धंद्यानेच माशा बांधणारे. त्यांनी किडा पाहिला आणि त्याबरहुकूम माशी बांधली. पंखाला ब्लॅकबर्डच्या पंखाचं पीस, अंगाला पिवळं रेशीम, आणि त्या रेशमाला मोची दोऱ्याला लावतो ते काळपट मेण. मेणामुळे पिवळ्याचा होतो हिरवट ऑलिव्ह, अगदी त्या किड्याचा रंग. दुसऱ्या दिवशी ग्रीनवेल यांना भरपूर मासे मिळाले. संध्याकाळी राइट यांच्याकडे मंडळी जमली, माशीचं बारसं झालं, आणि तिथे हजर असलेल्या गावच्या शाळामास्तरांनी नाव सुचवलं, 'ग्रीनवेलचं वैभव', असं सांगतात.

किडा ग्रीनवेल यांनी पाहिला हे खरं. नजर त्यांची. पण पिवळ्या रेशमावर काळं मेण घासलं की नेमका तो रंग येईल हे ज्या बोटांना ठाऊक होतं, ती राइट यांची होती. 'राइट्स ग्लोरी' असं कुणी म्हणालं नाही. गिऱ्हाईक मोठं होतं ना!

पण कथा इथे संपत नाही. हेच ग्रीनवेल पुढे पुरातत्त्वज्ञ म्हणून नावाजले. १८६८ ते १८७० या काळात त्यांनी नॉरफकमधल्या 'ग्राइम्स ग्रेव्हज' या जागी उत्खनन केलं. शेतात शेकडो खळगे होते, ते कशाचे हे कुणाला माहीत नव्हतं. ग्रीनवेल यांनी त्यातला एक खणून दाखवून दिलं की या अश्मयुगातल्या खाणी आहेत, चकमकीचा दगड काढण्यासाठी खोदलेल्या. आज त्यांचं वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास धरलं जातं. खाली एका भुयाराचं छत कोसळून ते बंद झालेलं होतं. त्यापलीकडे हरणाच्या शिंगाची, खोदायला वापरलेली हत्यारं पडली होती. त्यांच्यावर खडूच्या भुकटीचा थर होता आणि त्या थरात खोदणाऱ्याच्या बोटांचे ठसे तसेच होते. ग्रीनवेल यांनी हे स्वतः पाहिलं आणि लिहून ठेवलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काम संपवून हत्यार खाली ठेवलं, आणि बोटं तेवढी राहिली. नाव नाही, चेहरा नाही. नुसती बोटं. आणि आज त्या खाणीला काय म्हणतात माहितेय? 'ग्रीनवेल्स पिट'. माशी ग्रीनवेलची, खाणही ग्रीनवेलची! ग्रीनवेल १९१८ मधे वारले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अजिबात आकस नाही. त्यांनीच ते ठसे नोंदवले. पण जेम्स राइट यांनी मेण लावलेल्या त्या दोऱ्यावरही ठसे उमटले असतील, ते मात्र कुणी नोंदवले नाहीत.

मग हे सगळीकडे असंच आहे का? नाही. इथे यॉर्कशरमधे एक वेगळीच तऱ्हा आहे. लीड्सच्या टी. ई. प्रिट यांनी १८८५ मधे इथल्या माशांचं पुस्तक काढलं, आणि दुसऱ्या वर्षी ते 'नॉर्थ-कंट्री फ्लाइज' या नावाने पुन्हा निघालं. इथल्या माशांची नावं बघा: पार्ट्रिज अँड ऑरेंज. स्नाइप अँड पर्पल, म्हणजे पाणलाव्याचं पीस आणि जांभळं रेशीम. वॉटरहेन ब्लोआ, म्हणजे पाणकोंबडीचं पीस. 'ब्लोआ' हा इथला बोलीतला शब्द, पावसाने भरलेल्या ढगाचा निळसर करडा रंग. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात चिंतामणी, डाळिंबी, अबोली म्हटलं की समजणाऱ्याला समजतं, तसा.

या नावांत माणूस कुठेच नाही. पीस आणि दोरा. नाव हीच कृती. ज्याला नाव माहीत आहे त्याला माशी अर्धी बांधता आली. पुस्तक नसलं, लिहिता-वाचता येत नसलं तरी ती एका नदीखोऱ्यातून दुसरीकडे जाऊ शकते. आमच्या काकूच्या भाषेत सांगायचं तर हे 'खोबरं-लसणाच्या चटणी'सारखं नाव आहे. सगळ्यांचं आणि कुणाचंच नाही. आधी मला वाटायचं की हाच आदर्श. पण मग लक्षात आलं की इथेही ज्याने पहिल्यांदा नारिंगी रेशमाला पार्ट्रिजचं पीस जोडलं तो नाहीसा झालाच. फरक इतकाच की त्याच्या जागी दुसरं कुणी बसलं नाही. रिकामी खुर्ची रिकामीच राहिली. तेवढंही कमी नाही.

ज्या हातांचा उल्लेख सगळ्यात कमी होतो ते बायकांचे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर गावात ऑर्व्हिस कंपनी मासेमारीचं सामान बनवायची. १८७६ पासून तिथल्या माशा बांधणाऱ्या विभागाची प्रमुख होती मालकांची मुलगी, मेरी ऑर्व्हिस मार्बरी. तिच्या हाताखाली तरुण मुली माशा बांधत. गिऱ्हाइकं पत्रं लिहून माशा मागवत, पण एकाच माशीला दहा ठिकाणी दहा नावं आणि एकाच नावाच्या दहा वेगळ्या माशा. त्यामुळे सगळा घोळ. मेरीने देशभरच्या मासेमारांना पत्रं पाठवून माहिती मागवली आणि १८९२ मधे एक जाडजूड, रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात पत्रलेखकांची नावं त्यांच्या मजकुरासकट दिली. एका बाईचं नाव अशा रीतीने माशांच्या इतिहासात ठसठशीतपणे आलं याचा मला आनंद आहे. पण पत्रं लिहिणारे पुरुष नावानिशी आले, आणि रोज खिडकीपाशी बसून त्या माशा प्रत्यक्ष बांधणाऱ्या मुलींची नावं त्यांच्याइतकी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

आता शेवटचं पीस, आणि हे आपल्याकडचं आहे. 'डंकेल्ड' नावाची एक झगमगीत ओली माशी आहे. सोनेरी अंग, नारिंगी पीस, आणि दोन्ही गालांवर एकेक चमकदार ठिपका, डोळ्यासारखा. हे ठिपके म्हणजे 'जंगल कॉक'ची पिसं. जंगल कॉक म्हणजे आपला राखी रानकोंबडा. महाबळेश्वर, कोयना, राधानगरीच्या जंगलांत पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो. त्याच्या मानेच्या पिसांचा दांडा टोकाशी चपटा होऊन लाखेच्या थेंबासारखा चकाकतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पिसाला ती चमक नाही. शास्त्रीय नाव 'गॅलस सोन्नेराती', पिएर सोन्नेरा या फ्रेंच प्रवाशाच्या नावावरून १८१३ मधे दिलेलं. म्हणजे कोंबडाही कुणाच्या तरी नावावर लागला!

एकोणिसाव्या शतकात ही पिसं भारतातून ब्रिटनला जात. १९०२ मधे भारत सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि १९२१ मधे ब्रिटनने आयातीवर बंधन घालणारा कायदा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज रानकोंबड्याला संरक्षण आहे. इथल्या दुकानांत मिळणारी पिसं पाळलेल्या पक्ष्यांची असतात. ते योग्यच आहे. पण जुन्या पुस्तकांत जिथे जिथे 'जंगल कॉक' लिहिलेलं दिसतं, तिथे मला प्रश्न पडतो. तो पक्षी हेरणारा, त्याच्या वाटेवर फास लावणारा, कातडी सोलून विकणारा आमच्या डोंगरातला कुणी असेल का? माशी बांधणाऱ्याचं नाव निदान कधीतरी सापडतं. पीस आणणाऱ्याचं शोधणार कुठे?

मग या सगळ्यातून मी काय घेतलं? नावं बदलता येणार नाहीत. 'ग्रीनवेल्स ग्लोरी'ला उद्यापासून राइटचं नाव द्या म्हटलं तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहील. आणि सगळं नावांशिवाय असावं असंही मला वाटत नाही. माणसाला माणसाचं नाव लागतं, नाहीतर बर्नर्सबाई जन्माला आल्या नसत्या.

पण कॉटन यांनी केलं ते करता येतं. 'हे मला अमुकने शिकवलं.' चार शब्दांचं वाक्य, फुकट. अलीकडे मी कुणाला काळी स्पायडर बांधायला शिकवते तेव्हा 'ही जेम्स बेलींची, स्ट्युअर्टनी लिहून ठेवलेली' असं सांगते. ग्रीनवेल बांधून दाखवताना, रेशमाला मेण लावायच्या आधी, राइट यांचं नाव घेते. ऐकणारे पुढे विसरतीलही. दहातल्या एकाच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

आणि नातेवाईक मंडळींना, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे म्हणून सांगते. चकलीचं पीठ भाजताना, गोधडीचा टाका घालताना, मोदकाच्या कळ्या पाडताना, हे तुम्हाला कुणी शिकवलं ते पुढच्या पिढीला नावानिशी सांगा. आणि मावशी, शेजारणीचं नाव आठवलं तर मला कळव. इथे लिहून ठेवते.